सुताराच्या हाताखाली राहून लाकडी फर्निचर बनवायला शिकता येतं का?

तुम्ही विचारलंय, नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी सुताराकडे शिकणं जमेल का आणि सुरुवात कशानं करावी.

जमतं. मी कुडाळजवळच्या एका मेस्त्रींकडे दर रविवारी जाऊन शिकलो. फक्त माणूस बघून धरा. हल्ली बहुतेकांचं काम प्लायवूड आणि सनमायकावर चालतं. ज्याच्या पडवीत रंध्यानं लाकूड तासून निघालेली सालपटं पडलेली दिसतील, त्याच्याकडे जा. आणि फुकट शिकवा म्हणू नका, त्याचा अर्धा दिवस मोडतो, त्याचे पैसे द्या. कोकणात असाल तर चतुर्थीच्या आधी महिनाभर विचारूच नका, तेव्हा त्याला मान वर करायला फुरसत नसते.

पहिले पाच रविवार मी नुसती धार लावली. कुरुंदाच्या दगडावर पाणी टाकून पटाशी, म्हणजे लाकूड कोरायचं हत्यार, साधारण 25 अंशांत टेकवायची आणि घासत राहायचं. मागच्या बाजूला कड उलटलेली बोटाला लागली की पटाशी पालथी करून ती काढायची. कंटाळून एकदा तशीच बोथट पटाशी चालवली तर मेस्त्री म्हणाले, "अरे, तू कापतस काय कुरतडतस?"

मापाचीही सवय करावी लागते. ते म्हणायचे "अडीच इंच तीन सूत", आणि मी मोबाइलवर मिलिमीटर काढत बसायचो. इंचाचे आठ सूत, एवढं डोक्यात बसलं की टेपकडे बघणंही कमी होतं.

पहिली वस्तू पाटच करा. खुर्ची नको, तिरके सांधे नवशिक्याला रडवतात. माझा पहिला पाट फणसाचा होता. फळीखाली दोन आडव्या पट्ट्या मी फेविकॉल लावून घट्ट चिकटवल्या, वर खिळेही ठोकले. मेस्त्री बघत होते, बोलले काहीच नाहीत. एप्रिलमध्ये फळी मधोमध चिरली. लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. लांबीला मात्र जवळपास तेवढंच राहतं. पट्टीचे रेषे फळीच्या आडवे, त्यामुळे पट्टी जागची हलत नाही आणि फळीला हलू देत नाही. मग फळी करणार काय? दुसऱ्या पाटाला त्यांनी तोंडाशी अरुंद, तळाशी रुंद अशी खाच करायला लावली. पट्टी तिच्यात बाजूनं सरकवायची, सरस लावायचा नाही, फक्त मधोमध एक लाकडी खुंटी. तो पाट तसाच सरळ आहे.

किती दिवस लागतील? मला धड चौरंग करायला दीड वर्ष लागलं, तेही रविवारचंच. हत्यारं आधीच घेऊ नका. एक पटाशी, एक रंधा, करवत आणि काटकोन तपासायचा गुण्या पुरे. तीही मेस्त्रींना सोबत नेऊन घ्या. मी ऑनलाइन मागवलेला रंधा त्यांनी एकदा उलटसुलट केला आणि खिडकी उघडी राहावी म्हणून तिच्यात अडकवला. अजून तिथंच आहे.