शोरील पाठवण्याआधी एवढं बघ

एजंट असो वा नसो, शोरील, म्हणजे काम मागताना पाठवायचा तुझ्या अभिनयाच्या निवडक सीन्सचा व्हिडिओ, दीड-दोन मिनिटांच्या वर नेऊ नकोस. सुरुवातीला संगीत आणि नावांची सजावट नको. पहिल्या दहा सेकंदांत तुझा चेहरा आणि तुझं वाक्य आलंच पाहिजे. ज्यात कॅमेरा समोरच्या नटावरच आहे तो सीन, कितीही गाजलेला असो, काढून टाक.

फोटो आज दिसतोस तसाच हवा. दाढी वाढवली, केस कापले, की नवा काढ.

जड व्हिडिओ जोडण्यापेक्षा लिंक दे, आणि ती आधी दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघ. परवानगी बंद राहिली, तर पुन्हा लिंक मागायला सहसा कोणी थांबत नाही. फाइलला नाव तुझंच दे, ‘फायनल २’ नको.

एजंटचं कमिशन काम मिळाल्यावर. आधीच नोंदणीचे पैसे मागणाऱ्यापासून लांब राहा.