सेगवे घेतली खरी, पण सांभाळायची कशी? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सेगवे, नाइनबॉट वगैरे उभं राहून चालवायच्या, आपला तोल आपणच सांभाळणाऱ्या दोनचाकी गाड्यांबद्दल थोडं लिहिलं होतं. वाटलं होतं लोक विचारतील पडायला होतं का, चढावर चालते का. कसलं काय, जवळपास प्रत्येक पत्रात एकच काळजी, चोरीला गेली तर? म्हणून यावेळी फक्त तेच घेतोय.

प्रश्न: आमची सोसायटी मोठी आहे, गेटपासून बिल्डिंग लांब, म्हणून ह्यांनी सेकंडहँड सेगवे आय टू घेतली. लिफ्टमधून वर नेली की शेजारी तोंड वाकडं करतात, त्यामुळे खाली पार्किंगमध्येच असते. हँडलच्या दांड्याला सायकलची केबल लावून भिंतीवरच्या पाइपला बांधलीये. वॉचमन म्हणतो एवढी जड वस्तू कोण उचलून नेतंय. सेफ आहे ना? (एक वाचक, बाणेर)

नाही ताई, अजिबात नाही, आणि वॉचमनदादांना सांगा की आय टू साधारण 47 किलोची असते, म्हणजे एकट्याला जड पण दोन माणसं आणि एक छोटा हत्ती असला की दोन मिनिटांचं काम, आणि सोसायटीत रोज कुणाचं ना कुणाचं सामान टेम्पोत चढत असतं त्यामुळे बघणाऱ्याला त्यात काही वेगळं वाटतही नाही.

आता दांड्याचं बघा. दांडा खालच्या भागाला बोल्टने आवळलेला असतो, अ‍ॅलन की असली की सुटतो. म्हणजे चोराने केबलला हात पण लावायचा नाही, दांडा सोडायचा, तो तुमच्या पाइपला छान बांधलेला राहील आणि मोटर, बॅटरी, चाकं असलेला महागडा भाग टेम्पोत. म्हणून साखळी नेहमी चाकाच्या रिममधल्या मोकळ्या जागेतून घालायची, दांड्याला कधीच नाही. आणि तो पाइप कुठला आहे तेही एकदा बघून घ्या, लाल असेल तर तो आग विझवायच्या पाण्याचा आहे, त्याला काहीही बांधायचं नसतं. जिन्याच्या तोंडाशी पण ठेवू नका, लिथियम बॅटरीची वस्तू आहे, पेटलीच तर सगळ्यांची बाहेर पडायची वाट बंद.

केबल म्हणाल तर ती फक्त जाता जाता हात मारणाऱ्या पोरांसाठी, कटरपुढे ती टिकत नाही. रविवार पेठेत साखळ्या किलोवर मिळतात, दिसायला एकदम दणकट, पण ती साधी लोखंडी असते, बोल्ट कटरने सहज तुटते. तुम्हाला पाहिजे ती हार्डन केलेली, म्हणजे पोलाद तापवून कडक केलेली, कडी 10 मिलिमीटरच्या आसपास जाड, अशी मोटरसायकलवाले वापरतात. दुकानात ओळखायची सोपी पद्धत म्हणजे कडीवर कानस घासून बघा, साध्या लोखंडात कानस चावते, हार्डन केलेल्यावरून नुसती घसरते. दुकानदार जरा वैतागेल, वैतागू दे. कुलूप असं घ्या की ज्याची कडी बाहेर फारशी दिसतच नाही, कटरचा जबडा आत घालायला जागाच राहत नाही. आणि बांधताना साखळी जमिनीवर लोळत ठेवू नका, कारण फरशीचा आधार मिळाला की कटरचा एक दांडा खाली टेकवून वरच्या दांड्यावर सगळं वजन टाकता येतं, हवेत लोंबणाऱ्या साखळीला तो जोर लावता येत नाही.

राहिला प्रश्न बांधायची कशाला. पार्किंगमधले कॉलम एवढे रुंद असतात की साखळी पुरत नाही. सरळ कमिटीकडे लेखी अर्ज करा, तुमच्या स्लॉटमध्ये भिंतीला नाहीतर काँक्रीटमध्ये अँकर फास्टनरने एक जाड कडा बसवून घ्या. सेक्रेटरी आधी नाही म्हणतील, ते सगळ्यांनाच आधी नाही म्हणतात. अर्जात लिहा की सायकलवाल्यांनाही हा कडा वापरता येईल, मग बघा.

प्रश्न: मुलाची नाइनबॉट एस आहे. मोबाइलच्या अ‍ॅपमधून लॉक होते, कुणी हलवली की ओरडते. मग वेगळ्या कुलपाची गरज काय? तो म्हणतो आई तू उगाच टेन्शन घेतेस. (मगरपट्टा)

मुलाचं निम्मं बरोबर आहे. लॉक केल्यावर कुणी ढकलायला गेलं की चाकं विरोध करतात, गाडी थरथरते, दिवे चमकतात, आवाज होतो. पण हे सगळं चाकं जमिनीवर आहेत तोवर. नाइनबॉट एस साडेबारा-तेरा किलोची, म्हणजे उचलून काखोटीला मारली की चाकं हवेत, करा विरोध. ओरडत राहील, पण सोसायटीत ज्या गाडीला मांजर घासून गेलं तरी तिचा सायरन वाजतो अशी एक तरी गाडी असतेच, त्यामुळे सायरन ऐकून खाली कोण बघतंय सांगा. आणि तुमच्या फोनला कळेल म्हणाल तर ते ब्लूटूथ आहे, बेसमेंटमधली गाडी आणि सहाव्या मजल्यावरचा फोन यांचं बोलणं होत नाही. बॅटरी पूर्ण उतरली की ओरडणं पण बंद.

मोठ्या सेगवेचंही तेच. आय टूला इन्फोकी नावाची गोल रिमोटसारखी चावी असते, तिनेच गाडी चालू होते आणि तिनेच सिक्युरिटी मोड लागतो. चावीशिवाय चोर चालवत नेऊ शकत नाही हे खरंय, पण त्याला चालवायची नसतेच हो, बॅटरी आणि चाकं सुटी विकली तरी त्याचे पैसे वसूल. म्हणून चावी गाडीच्याच पिशवीत ठेवून वर जाऊ नका, आणि दुसरी चावी असेल तर जपा, ही गाडी बनवणं कंपनीने 2020 मध्येच बंद केलंय, आता नवी चावी मिळवताना घाम फुटेल.

अ‍ॅपबद्दल आणखी एक. 2017 मध्ये आयओअ‍ॅक्टिव्ह नावाच्या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं होतं की नाइनबॉटच्या मिनीप्रो मॉडेलमध्ये ब्लूटूथचा पिन ओलांडून गाडीचा ताबा घेता येतो, शिवाय अ‍ॅपमधून आसपासचे रायडर कुठे आहेत ते कुणालाही दिसत होतं. कंपनीने नंतर ते दुरुस्त केलं. पण त्यातून आपण घ्यायचं ते एवढंच की गाडीचं सॉफ्टवेअर अपडेट ठेवायचं आणि पासवर्ड बदलायचा, 000000 किंवा वाढदिवस चालणार नाही. तर अ‍ॅपचं लॉक चालू ठेवा, आणि चाकातून साखळी पण घाला. खरं तर एवढी हलकी गाडी खाली ठेवायचीच कशाला, दाराच्या आत घ्या की.

प्रश्न: एअरटॅग (अ‍ॅपलची ती वस्तू शोधून देणारी छोटी चकती) लपवून ठेवला तर? की जीपीएस घेऊ? मी फूटमॅटच्या रबराखाली ठेवायचा विचार करतोय, कुणाला संशय पण येणार नाही. (औंध)

थांबा! मॅटखाली काहीही ठेवायचं नाही. तिथेच सेन्सर असतात, वर माणूस उभा आहे की नाही ते गाडीला त्यांच्यावरून कळतं. तिथे एक टणक चकती दाबून बसली तर तुम्ही उतरलात तरी गाडीला वाटू शकतं की तुम्ही वरच आहात, आणि मग ती कुठे जाईल ते तिचं तीच ठरवेल. टॅग मडगार्डच्या आतल्या बाजूला नाहीतर हँडलच्या बॅगेच्या अस्तरात शिवून टाका, प्लॅस्टिकच्या वेष्टनात, म्हणजे पावसात भिजणार नाही. चहूबाजूंनी धातू असलेल्या जागी नको, सिग्नल अडतो.

एअरटॅगमध्ये जीपीएस नाही हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. तो आजूबाजूने जाणाऱ्या आयफोनना ब्लूटूथने हाक मारतो, ते फोन त्यांची जागा पुढे कळवतात. लक्ष्मी रोडवर संध्याकाळी हे झकास चालेल, खडकवासल्याच्या पुढे कुठल्या गोडाऊनमध्ये गाडी पडली तर तासन् तास पत्ता लागणार नाही. बटणासारखा सीआर2032 सेल असतो, साधारण वर्षभर पुरतो. आणि दुसरी बाजू पण ऐका, कुणाचा नकळत पाठलाग होऊ नये म्हणून असे टॅग अनोळखी माणसाच्या फोनवर सूचना पाठवतात की तुमच्यासोबत कुणाचा तरी टॅग फिरतोय. म्हणजे चोरालाही कळणार, लगेच नाही पण कळणार. तरी घ्याच, पहिले काही तास हातात मिळाले तरी पुष्कळ. सिमवाला जीपीएस ट्रॅकर जास्त भरवशाचा, पण त्याला चार्जिंग आणि दर महिन्याचा रिचार्ज लागतो, आणि बेसमेंटमध्ये तोही आंधळा.

टॅगने जागा दाखवली तर स्वतः तिकडे जाऊ नका. स्क्रीनशॉट काढा, 112 ला फोन करा, पोलिसांना घेऊन जा.

प्रश्न: सदाशिव पेठेत वाड्यात राहतो, जिना अरुंद, अंगणात सगळ्यांची वर्दळ. काय करू? (वय 71)

काका, छोटी गाडी असेल तर तिचा गुडघ्याने वळवायचा दांडा काढता येतो, तो काढून वर घरात न्या आणि खालचा भाग चाकातून साखळी घालून अंगणातल्या एखाद्या पक्क्या गजाला बांधा, फक्त जिन्यापासून लांब आणि जायची-यायची वाट मोकळी राहील असं बघा. दांड्याशिवायच्या गाडीला गिऱ्हाईक लवकर मिळत नाही. बाकी वाड्यात कुणाकडे कोण आलं हे समोरच्या काकूंना माहीत असतंच, त्यांना एकदा गाडी दाखवून ठेवा, सीसीटीव्हीपेक्षा स्वस्त पडेल.

प्रश्न: माझी गेली. कोथरूडमध्ये क्लासच्या बाहेरून. मित्राने सांगितलं म्हणून पोलिसांच्या वेबसाइटवर लॉस्ट अँड फाउंडमध्ये तक्रार टाकली, पावती पण मिळाली. आता इन्शुरन्सवाले म्हणतात हे चालत नाही. (एक विद्यार्थी)

वाईट वाटलं वाचून. मित्राने चुकीचा रस्ता दाखवला रे तुला. लॉस्ट अँड फाउंड हरवलेल्या वस्तूंसाठी असतं, रिक्षात पाकीट राहिलं, मोबाइल कुठेतरी पडला, त्यासाठी. तिथे तपास होत नाही. तुझी गाडी हरवली नाही, चोरीला गेलीये, त्यासाठी एफआयआरच लागतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्या कलम 303 मध्ये चोरी येते, पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचं 379 आता नाही. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी खबर घ्यावी लागते, म्हणजे आमची हद्द नाही असं सांगून परत पाठवता येत नाही. ऑनलाइन पण खबर देता येते, पण मग तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते, नाहीतर ती नोंद होत नाही. एफआयआरची प्रत तुला फुकट मिळाली पाहिजे, मागून घे. तरीही नाही म्हणाले तर वरच्या अधिकाऱ्याला लेखी दे, तशी सोय त्याच कलमात आहे. लॉस्ट अँड फाउंडची पावती पण सोबत ने आणि खरं काय झालं ते सांग, नाहीतर हरवली की चोरीला गेली हा घोळ शेवटपर्यंत पाठ सोडणार नाही.

सोबत सिरीयल नंबर पाहिजे. या गाडीला नंबरप्लेट नाही, आरसी बुक नाही, म्हणजे ही तुझीच हे सांगायला तेवढा नंबर आणि बिल एवढंच हाताशी असतं. तो गाडीच्या खालच्या बाजूला असतो, गाडीच गेल्यावर कसा बघणार? अ‍ॅपला कधी जोडली असशील तर त्यात बघ, खोक्यावर असेल, बिलावर असेल. बाकीच्या वाचकांनी हे वाचून झाल्यावर लगेच गाडी आडवी करून त्या नंबरचा फोटो काढा, स्वतःलाच मेल करून ठेवा, वर ओरखडे, स्टिकर काय असतील त्यांचेही फोटो.

इन्शुरन्सचं म्हणशील तर पॉलिसीचा कागद नीट वाच. घरासाठीची जी भारत गृह रक्षा पॉलिसी 2021 पासून आलीये तिच्यात मुळात आग, पूर, भूकंप असल्या गोष्टी आहेत. चोरी आहे, पण तशी आपत्ती आल्यानंतरच्या सात दिवसांत तिच्यामुळे झालेली. साध्या दिवशी झालेल्या चोरीसाठी बर्गलरीचं म्हणजे घरफोडीचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं, आणि त्यात बहुतेक वेळा घर फोडून आत शिरल्याचं दिसावं लागतं. क्लासच्या बाहेर ठेवलेल्या गाडीला ते लागू होणं कठीण आहे, खोटी आशा दाखवत नाही. तरी एफआयआर कर, उद्या गाडी सापडली तर ती परत मागायला तोच कागद लागेल.

प्रश्न: जंगली महाराज रोडला कॉफी प्यायला जाताना घेऊन जावी का, आणि लावायची कुठे? (शिवाजीनगर)

घरी ठेवा. फुटपाथ रुंद झालेत ते चालणाऱ्यांसाठी, आणि रस्त्यावर आणायची म्हटलं तर ज्या बॅटरीच्या गाड्यांना रजिस्ट्रेशन लागत नाही त्यांची मोटर 250 वॅटच्या आत असावी लागते, यांच्या मोटारी बहुतेक त्याहून मोठ्या. सोसायटीत, कॅम्पसमध्ये फिरवा. कॉफीला चालत जा.

प्रश्न: ऑनलाइन एक सेकंडहँड आय टू फारच स्वस्त मिळतेय, चावी नाही म्हणतो, बिल पण नाही. घेऊ का? (हडपसर)

चावी नाही, बिल नाही, वर स्वस्त. अहो, वरच्या सगळ्या वाचकांपैकी कुणाची तरी असेल ती! चोरीचा माल आहे हे माहीत असताना किंवा तसं समजायला पुरेसं कारण असताना घेतला तर घेणाराही भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली अडकतो, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जुन्या बाजारात रविवारी, बुधवारी जुन्या वस्तूंची घासाघीस करण्यात मजा आहे, मीही जातो, पण बॅटरीवाल्या गाडीचं तसं नाही. विकणाऱ्याकडे सिरीयल नंबरचा फोटो मागा, त्याच्या ओळखपत्राची प्रत आणि सही केलेली पावती मागा, इन्फोकीने तुमच्यासमोर चालू करून दाखवायला सांगा. एवढं मागितल्यावर त्याने फोन उचलणं बंद केलं तर समजून जा.

पुढच्या अंकात बॅटरी पावसाळ्यात कशी सांभाळायची ते घेऊ, त्याची पण बरीच पत्रं आलीयेत.