'द सोप्रानोज' या अमेरिकी माफिया मालिकेतली एड्रियाना टोळीतल्या होणाऱ्या नवऱ्याला, क्रिस्टोफरला सोडून पळून का गेली नाही? एवढी मूर्ख का दाखवली आहे?

मूर्ख अजिबात नाही. 'मूर्ख' हा शब्द वाचला म्हणूनच लिहायला बसले.

आमच्या लालबागच्या चाळीत एक ताई होती. संपानंतर गिरणी सुटलेले वडील घरात बसून आणि दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं. तिचं ज्याच्याशी ठरलं होतं तो मुलगा टोळीत गेला. मग साध्या कपड्यातले पोलीस तिला भाजी आणताना गाठायचे, "रात्री कुठे झोपतो तेवढं सांग, नाहीतर तुलाही आत घेऊ." टोळीतली पोरं जिन्यात उभी राहून विचारायची, "ते काय विचारत होते?" ती दोघांनाही काही सांगायची नाही. शेवटी मुलगा मारला गेला आणि चाळीने बोट तिच्याकडेच दाखवलं. आमचा दादा तर आजही म्हणतो, अक्कल असती तर वेळेत सोडलं असतं. अरे, सोडून जायचं कुठे? गावच्या घराला भावकीने कुलूप घातलेलं आणि हातात एक पैसा नाही.

एड्रियानाचंही तेच. एफबीआयने, म्हणजे तिथल्या केंद्रीय पोलिसांनी, आधी मैत्रिणीच्या वेषात एजंट पाठवली, मग तुरुंगाची भीती घालून तिला खबरी केलं. पाचव्या सीझनच्या शेवटून दुसऱ्या भागात (2004) ती क्रिस्टोफरला सगळं सांगते, नाव बदलून दोघं दूर राहू म्हणते. तो आधी गळा दाबतो, मग रडतो, तयारही होतो. बाहेर पडल्यावर पेट्रोल पंपावर मोडकी गाडी घेऊन आलेलं एक फाटकं कुटुंब त्याला दिसतं, आणि तो टोळीचा म्होरक्या टोनीकडे जातो. प्रेम होतं त्याचं, पण ऐट त्याहून प्यारी होती.

पळण्याबद्दल म्हणशील, तर टोनीचा माणूस सिल्व्हिओ तिला मारायला घेऊन निघतो तेव्हा ती एकटी गाडी चालवत निघून चाललीय असं दिसतं. ते तिच्या मनातलं. म्हणजे पळणं तिला सुचलं होतं! मरण मात्र पडद्यावर दाखवलं नाही. ती रांगत चौकटीबाहेर जाते आणि गोळ्यांचे आवाज येतात. एड्रियाना साकारणाऱ्या ड्रिया डी मॅटिओला त्या वर्षी टीव्हीचं एमी पारितोषिक मिळालं ते उगाच नाही.

आता हेही खरं की एड्रियाना आमच्या ताईइतकी निष्पाप नव्हती. टोळीच्या पैशावर तिने चैन केली, स्वतःच्या क्लबमधल्या खुनावर पांघरूण घातलं. तरी दादासारख्या माणसांना माझं एकच सांगणं आहे: अक्कल काढायचीच तर क्रिस्टोफरची काढा, पोलिसांची काढा. मधल्या बाईची काय काढता?

सहावा सीझन पाहिला नसशील तर जरूर पाहा. एड्रियानाची आई टोनीच्या बायकोला, कार्मेलाला तोंडावर सांगते की माझ्या मुलीला मारलंय. टोनी बायकोला घर बांधायच्या कामात गुंतवतो आणि विषय मिटतो.