अतिरक्त नव्हे, अवरक्त (आणि थोडे ओठांविषयी)

'हेलिकॉप्टरच्या फिरत्या पंखावरची बदलती हवा अतिरक्त कॅमेऱ्याने टिपतात' हे वाक्य बरोबर आहे का, आणि पंख म्हणावे की पाते, अशी पृच्छा आली आहे. वाक्य चूक आहे. 'अतिरक्त' ऐकून तर कान किटले. परवा एका भाषांतरात चक्क 'अतिरिक्त किरण' वाचले. म्हणजे नेहमीचे संपले की वरून वाढायचे!

शब्द 'अवरक्त', म्हणजे इंग्रजीतले 'इन्फ्रारेड', डोळ्यांना न दिसणारे किरण. हा 'अति' अतिनीलमधून (अल्ट्राव्हायोलेट) घुसलेला. अव म्हणजे खाली, रक्त म्हणजे तांबडे. अंगातल्या रक्ताशी थेट नाते नाही. उलट रंगावरूनच त्याला ते नाव मिळाले. धातू रञ्ज्, रंगणे. विरक्त म्हणजे रंग उतरलेला, अनुरक्त म्हणजे रंगलेला. खाली कशात, तर वारंवारतेत. तरंगलांबी या किरणांची तांबड्याहून जास्तच असते, एवढी एकच पळवाट अतिवाल्यांना आहे.

पण खरी गंमत 'इन्फ्रा'मध्ये आहे. हा लॅटिन शब्द आणि आपला 'अधर' एकाच मुळातले. अधर म्हणजे खालचा, म्हणून खालचा ओठ. पुढे आपण दोन्ही ओठांना अधर म्हणू लागलो. तेव्हा इन्फ्रारेडचा सख्ख्या नात्यातला प्रतिशब्द 'अधररक्त' झाला असता! परिभाषा घडवणाऱ्यांनी 'अव' का घेतला, याचे माझे उत्तर ठरलेले आहे: अधररक्त कॅमेरा म्हटल्यावर वर्गात कोणी गंभीर राहिले नसते. 'हा नुसता उच्चारसोयीचा प्रश्न' म्हणणाऱ्या व्याकरणपंडितांनी तो शब्द एकदा भरवर्गात उच्चारून पाहावा.

दुसरी चूक 'हवा टिपतात' ही. कॅमेरा हवा टिपतच नाही. त्याच्या तरंगपट्ट्यात ती जवळजवळ पारदर्शक असते. दिसते ते पृष्ठभागाचे तापमान. पृष्ठभाग हवेपेक्षा गरम ठेवला, तर जिथे प्रवाह संथ थरांतून वाहतो तिथे तो गरम राहतो आणि जिथे खवळतो तिथे लवकर निवतो. त्या दोहोंची सीमा म्हणजे संक्रमण. फिरत्या पात्याचा हवेशी असलेला कोन प्रत्येक फेरीत बदलतो, म्हणून ही सीमाही पुढेमागे सरकते. पण पृष्ठभागाला तितक्या झटपट तापता-निवता येत नाही. एकट्या चित्रात मागची ऊब मिसळलेली असते. म्हणून अगदी थोड्या अंतराने घेतलेली दोन चित्रे एकमेकांतून वजा करतात. उरलेला फरक जिथे ठळक, तिथे सीमा हललेली. ही वजाबाकी जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या संशोधकांनी २०१४ साली मांडली. तिला 'भेददर्शी तापचित्रण' म्हणावे, असे मला वाटते. 'विभेदक' नको, विभेदक म्हणजे फूट पाडणारा, आणि इथे नुसती वजाबाकी आहे.

हो, पंख की पाते? हेलिकॉप्टरला पाते.