लेकीला विमानाची आग रोखायची आहे, कोणता रस्ता धरावा?

पत्र थोडक्यात असं:

"सोलापुरात अशोक चौकाजवळ माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित घेतलंय. दहावीपर्यंत मराठी माध्यम. लहानपणापासून शाळा सुटली की गॅरेजमध्ये माझ्या हाताखाली बसते. कार्ब्युरेटर खोलून साफ करणं तिला माझ्या पोऱ्यापेक्षा चांगलं जमतं. होटगी रोडवरून विमानं उडायला लागली तेव्हापासून विमानाचं वेड आहे. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागून आठ माणसं गेली, ते तिच्या मनाला फार लागलं. तेव्हापासून आगीबद्दल मिळेल ते वाचते. आता म्हणते, छोट्या विमानांच्या इंजिनाला आग लागू नये म्हणून नियम करणारे जे लोक असतात, त्यांच्यात मला जायचंय. एका संस्थेच्या माणसाने फोनवर सांगितलं की दोन वर्षांत लायसन्स आणि लगेच नोकरी. माझे मेहुणे म्हणतात कॉम्प्युटरला घाला, ग्रीस-ऑइल हे मुलीचं काम नव्हे. अशी नोकरी खरंच असते का? आणि आमच्यासारख्याच्या मुलीला मिळते का?"

नमस्कार भाऊ,

असते आणि मिळते. माझ्याकडे विमानाचं नाव काढणारी मुलं येतात ती बहुतेक पायलट व्हायचंय म्हणून येतात. आग लागू नये याची काळजी घेणाऱ्यांत मला जायचंय, असं बारावीच्या मुलीने म्हणावं याचं मला फार अप्रूप वाटलं. म्हणून उत्तर जरा लांबलचक देते.

तुम्ही गॅरेज चालवता, तेव्हा यातलं अर्धं तुम्हाला सांगायला नको. दोन-चार सीटच्या विमानाचं पिस्टन इंजिन म्हणजे सिलिंडर, स्पार्क प्लग, मॅग्नेटो, कार्ब्युरेटर नाहीतर फ्युएल इंजेक्शन. गळकं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरवर पडलं की काय होतं ते तुम्ही पाहिलेलं असेल. पण गाडी पेटली तर माणूस ती बाजूला घेऊन उतरतो. सेस्ना १७२ सारख्या एक-इंजिनी विमानात इंजिनाच्या कप्प्यात आग विझवायची यंत्रणा सहसा नसतेच. केबिनमध्ये हातात धरायचा छोटा सिलिंडर असतो, तो उडत्या विमानात इंजिनापर्यंत पोचणार कसा? हवेत इंजिन पेटलं तर पायलटने मिक्श्चर, म्हणजे इंजिनात जाणारं इंधन, बंद करायचं, इंधनाचा व्हॉल्व्ह बंद करायचा, मास्टर स्विच आणि हीटर बंद करायचा, वेग वाढवून ज्वाळा विझतात का पाहायचं आणि उतरायला जागा शोधायची. त्याच्या हातात याहून फारसं काही नसतं.

म्हणून छोट्या विमानात सगळा भर दोन गोष्टींवर असतो. आग लागूच नये, आणि लागलीच तर माणसं खाली उतरेपर्यंत ती इंजिनाच्याच बाजूला अडकून राहावी.

दुसरी गोष्ट फायरवॉलची. इंजिन आणि केबिन यांच्यामधली ही भिंत म्हणजे खरं तर पत्रा असतो. अमेरिकेच्या छोट्या विमानांच्या नियमांत बरीच वर्षं लिहिलेलं होतं की स्टेनलेस स्टील ०.०१५ इंच जाड असेल तर चालेल. म्हणजे जेमतेम ०.४ मिलिमीटर. एखादा भाग 'फायरप्रूफ' ठरायचा तर सुमारे ११०० अंश सेल्सियसच्या ज्वाळेसमोर तो १५ मिनिटं टिकायला हवा, 'फायर रेझिस्टंट' ठरायला ५ मिनिटं. आता या पत्र्यातून वायरी जातात, केबल जातात, होज जातात. त्यांच्यासाठी पाडलेलं प्रत्येक भोक आगीला टिकणाऱ्या सीलंटने किंवा ग्रोमेटने बुजवलेलं असावं लागतं. कुणी नवीन मीटर बसवताना एक भोक पाडलं आणि बाजारातल्या साध्या सिलिकॉनने लिंपलं, की त्या भोकापाशी १५ मिनिटांचा हिशेब संपला. बाहेरून बघणाऱ्याला ते काम स्वच्छ, नीटनेटकं दिसेल. भोक कशाने बुजवलंय हे वाकून बघणारं माणूस लागतं.

पहिली गोष्ट, आग लागूच न देण्याची. तिथे नियम कसा तयार होतो ते एका उदाहरणावरून सांगते, कारण तुमच्या लेकीला हेच काम करायचंय. लायकमिंग कंपनीच्या फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनांत प्रत्येक सिलिंडरकडे पेट्रोल नेणारी स्टीलची नळी असते, बॉलपेनच्या रिफिलएवढी बारीक. ती ठरलेल्या जागी क्लॅम्पने धरून ठेवलेली असते. दुरुस्तीच्या वेळी एखादा क्लॅम्प परत बसवायचा राहिला, नळी कुठे घासली किंवा जराशी वाकली, तर इंजिनाच्या थरथरीने तिला चीर जाते आणि दाबाखालचं पेट्रोल तापलेल्या इंजिनावर फवारलं जातं. अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामक संस्थेने, यावर १९९३ मध्ये सक्तीचा आदेश काढला. तेवढ्याने भागलं नाही. नव्या घटना समोर येत गेल्या, नवीन मॉडेल यादीत येत गेली, तसा तो आदेश पुन्हा पुन्हा नव्याने निघाला, २०१५ मध्येही निघाला. उड्डाणाचे ११० तास व्हायच्या आत नळ्या तपासायच्या, चीर, पोचा किंवा घासल्याची खूण दिसली तर बदलायच्या, क्लॅम्प जागेवर आहेत का ते बघायचं, आणि हे दर वेळी करायचं.

अशा आदेशाला एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह म्हणतात. हँगरमध्ये, म्हणजे विमानाच्या शेडमध्ये, सगळे नुसतं 'एडी' म्हणतात. ज्या देशाने डिझाइनला मंजुरी दिली, तिथला एडी भारतात नोंदलेल्या विमानालाही पाळावा लागतो आणि त्यावर आपल्या डीजीसीएची, म्हणजे भारतातल्या विमान वाहतूक नियामक संस्थेची, नजर असते. म्हणजे अमेरिकेत एका विमानाची नळी चिरली, तर बारामती, धुळे किंवा गोंदियाच्या फ्लाइंग स्कूलच्या हँगरमध्ये तेच इंजिन असेल तर कुणीतरी काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, काढतं, टॉर्च मारून सगळी नळी बघतं आणि लॉगबुकात सही करतं.

आणखी एक आदेश बघा. टर्बोचार्जरपाशी सायलेन्सरचा पाइप धरून ठेवणारा व्ही-बँड क्लॅम्प असतो. तो तुटला की तापलेला वायू सरळ इंजिनाच्या कप्प्यात घुसतो. त्यातले स्पॉट वेल्डिंगचे जे क्लॅम्प आहेत, ते ५०० तासांनी काढून टाकायचे असा एफएएचा २०२३ चा आदेश आहे. चांगला दिसत असला तरी काढायचा. भाऊ, 'अजून चालतंय की' हे वाक्य आपल्याकडे किती सहज येतं तोंडात! ते न म्हणणं ही या नोकरीतली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. मालकाला विमान सकाळी उडवायचं असतं, विद्यार्थी खोळंबलेले असतात, आणि तेवीस-चोवीस वर्षांच्या पोरीने सांगायचं असतं की मी सही करणार नाही.

आता मुख्य प्रश्न. नियम करणाऱ्यांत जायचं तर सुरुवात कुठून करायची? माझं स्पष्ट मत आहे, सही करणाऱ्यांपासून. म्हणजे एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर, एएमई. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स असलं की हा रस्ता खुला होतो. डीजीसीएच्या सीएआर-६६ नियमाखाली हे लायसन्स मिळतं. बी१ म्हणजे इंजिन आणि विमानाचा सांगाडा, बी२ म्हणजे इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स. बी१ मध्येही भाग आहेत: बी१.१ टर्बाइन इंजिनाच्या विमानांसाठी, बी१.२ पिस्टनसाठी. मन छोट्या विमानात असलं तरी तिने बी१.१ धरावं. एअरलाइन्समध्ये आणि मोठ्या दुरुस्ती केंद्रांत काम त्यालाच आहे. सोलापूर-गोवा मार्गावर फ्लाय९१ कंपनीचं एटीआर विमान येतं, तेही टर्बोप्रॉपच आहे, म्हणजे टर्बाइन इंजिनावर पंखा फिरणारं. पिस्टनचा विषय पुढे परीक्षा आणि अनुभव देऊन जोडता येतो.

फोनवरच्या माणसाचं म्हणणं अर्धंच खरं आहे. वर्गातला कोर्स साधारण दोन वर्षांचा असतो, पण वर प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो, तेव्हा चार वर्षं धरून चाला. लायसन्स संस्था देत नाही, डीजीसीए देतं. प्रत्येक विषयाच्या परीक्षेत ७५ टक्के मिळाल्याशिवाय पास नाही. एअरलाइनच्या मोठ्या विमानावर सही करायची तर त्या त्या विमानाचं टाइप रेटिंगही, म्हणजे त्या मॉडेलसाठीची वेगळी पात्रता, लागतं. 'लगेच नोकरी'ची हमी कुणी तोंडी देत असेल तर त्याला ती लेखी द्यायला सांगा.

एएमईच्या बरोबरीने पदवी मात्र सोडू नका. काही संस्था विद्यापीठाशी जोडलेली बीएस्सीही देतात, ती घ्यावी. कारण पुढची दारं पदवी मागतात. डीजीसीएमध्ये एअरवर्दिनेस ऑफिसर असतात. विमान उडण्यालायक आहे की नाही, दुरुस्ती केंद्र नियमाने चाललंय की नाही, एडी पाळला की नाही हे तपासणारे. त्यांची भरती यूपीएससी करते, आणि पदवीबरोबर अनुभवही बघितला जातो. दुसरं दार एएआयबीचं, म्हणजे विमान अपघात तपासणी ब्युरो, २०१२ मध्ये सुरू झालेला. तिथे दोष कुणाचा हे ठरवत नाहीत, पुन्हा असं होऊ नये म्हणून काय बदलायचं ते सुचवतात. २०२४ चा भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झालाय, या दोन्ही संस्थांचा आधार आता तो आहे.

इंजिनिअरिंगचा रस्ताही आहे. मेकॅनिकल किंवा एरोस्पेसला गेली तर डिझाइन आणि सर्टिफिकेशनच्या बाजूने शिरता येईल. बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजने 'हंसा' हे दोन सीटचं शिकाऊ विमान बनवलंय. अशा विमानाची फायरवॉल, इंधनाच्या नळ्या, त्यांच्या चाचण्या, हे सगळं कुणीतरी कागदावर सिद्ध करून दाखवलेलं असतं. सीईटीत मार्क उत्तम पडले आणि चांगलं सरकारी कॉलेज मिळालं, तर मी हा रस्ता नाकारणार नाही. पण तुमच्या पत्रात कार्ब्युरेटर खोलणारी मुलगी आहे. चार वर्षं तिला नुसतं वर्गात बसवलं तर तिच्या हातातलं कसब वाया जाईल, असं मला वाटतं. नियम लिहिणाऱ्या खोलीत नळी हातात धरून पाहिलेलं माणूस असावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

मेहुण्यांबद्दल. मुलीचं काम नव्हे हे मला अजिबात मान्य नाही, आणि देशभरात बायका हँगरमध्ये सह्या करतायत. अडचणी वेगळ्या आहेत त्या सांगते: रात्रपाळी, घरापासून लांब शहर, सुरुवातीची दोन-तीन वर्षं तुटपुंजा पगार. यासाठी घरच्यांनी मन घट्ट करायला हवं. फी काही लाखांत जाते, तेव्हा शैक्षणिक कर्जासाठी विद्यालक्ष्मी पोर्टल बघून ठेवा.

आता थोडं लेकीशी बोलते. बाळा, इंग्रजीची धास्ती घेऊ नकोस. मोठ्या विमानांच्या मॅन्युअलसाठी मुद्दाम सोपी केलेली इंग्रजी वापरतात. ठरलेले शब्द, शक्यतो एका शब्दाला एकच अर्थ, आणि काम सांगणारं वाक्य वीस शब्दांच्या आत. एएआयबीच्या वेबसाइटवर अपघातांचे अहवाल फुकट वाचायला मिळतात. रविवारी एक उघड आणि शेवटच्या शिफारशी आधी वाच, मग मागे जाऊन त्या कुठून आल्या ते शोध. आणि बाबांच्या गॅरेजमध्ये एक वही घाल. येणाऱ्या प्रत्येक गाडीचा पेट्रोल पाइप बघायचा, तारीख टाकायची, काय दिसलं, काय केलं ते लिहायचं, खाली सही. कडक झालेला पाइप, ढिली क्लिप, सायलेन्सरजवळून गेलेली वायर. विमानाचं पेट्रोल, १०० एलएल, निळ्या रंगाचं असतं आणि गळलं की निळा डाग सोडतं. गाडीत तो सोयीचा डाग मिळणार नाही, वासावरून आणि बोट फिरवून ओळखावं लागेल. बोर्डाची परीक्षा जवळ आली की वही बंद, आधी अभ्यास.

भाऊ, फी भरण्याआधी डीजीसीएच्या वेबसाइटवर सीएआर-१४७ (एएमई प्रशिक्षण संस्थांसाठीचा नियम) मान्यता असलेल्या संस्थांची यादी बघा आणि मान्यता बी१.१ साठी आहे ना, याची खात्री करा. मग लेकीला घेऊन स्वतः जा. ऑफिसात चहा घेण्याआधी हँगर दाखवा म्हणा. आत इंजिनासकट विमान आहे का, मुलं त्याला हात लावतात की लांबून बघतात, अनुभवासाठी त्यांना कुठल्या दुरुस्ती केंद्रात पाठवतात, आणि मागच्या दोन बॅचमधल्या किती जणांच्या हातात लायसन्स आलंय हे विचारा. किती जणांनी कोर्स पुरा केला हा आकडा देतील, तो नको म्हणा. जुन्या विद्यार्थ्यांपैकी दोघांशी बोलायला मागा आणि ते बोलणं लेकीला करू द्या, तिला काय विचारायचं ते तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा जास्त कळेल.