निबंध पाठवलास ती तारीख आधी काढ

गेल्या आठवड्यात एका मुलीचा मेल आला. इथंच कोल्हापुरात लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी लेखनस्पर्धा होती, विषय कलाकारांचे हक्क, हिनं एका जुन्या बोर्ड पेंटरकडं चार-पाच वेळा जाऊन बसून निबंध लिहिला आणि पाठवला. नंबर आला नाही. आता 14 महिन्यांनी एका जर्नलनं तोच निबंध छापायची तयारी दाखवलीय, पण कॉपीराइट तुमच्याकडंच आहे असं सही करून द्या म्हणतायत. आयोजकांना विचारलं तर व्हॉट्सअपवर उत्तर आलं की नियमाप्रमाणे सगळे हक्क आमच्याकडं आहेत, पुस्तिका निघणार आहे. आणि ती विचारतेय, सर मी फॉर्मवर टिक केली होती, म्हणजे संपलं का सगळं?

असे मेल मला महिन्याला तीन-चार तरी येतात. कुणाचा लोगो, कुणाची कविता, कुणाची शॉर्टफिल्म, पण खाली बारीक अक्षरात ओळ तीच, प्रवेशिकेचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील.

तर बाळ, लेखक हाच पहिला मालक, रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, हे तुला शिकवलंय, ते परत सांगत नाही. तू कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 चं पोटकलम 4 उघड. हक्क लिहून घेतलेल्या माणसानं ते हक्क एक वर्षाच्या आत वापरले नाहीत तर त्या हक्कांपुरतं ते लिहून देणं आपोआप रद्द झालं असं धरलं जातं. तुझे 14 महिने झालेत. ते अजून "निघणार आहे" म्हणतायत. तुझी अख्खी केस या दोन वाक्यांत आहे, आणि तुझ्या तीन पानी मेलमध्ये या कलमाचं नावसुद्धा नाही, आयोजक कसे वाईट वागले तेच सगळं.

पण त्याच पोटकलमात शेवटी एक अट आहे, करारात वेगळं ठरलं नसेल तर. म्हणजे नियमावलीत कुठं "कायमस्वरूपी" किंवा "प्रकाशित केले अथवा न केले तरी" असले शब्द असतील तर हे वर्ष तुझ्या कामाचं नाही. म्हणून मला पूर्ण नियमावली पाहिजे. तू पाठवलीस एक ओळ, तीही आठवणीतली, कारण पीडीएफ जुन्या फोनमध्ये होती, फोन गेला आणि त्यांचं पान आता उघडत नाही. अगं, कलाकारानं सही करायच्या आधी काय काय बघावं यावर तू पानंच्या पानं लिहिलीस आणि स्वतःच्या फॉर्मचा एक स्क्रीनशॉट ठेवला नाहीस? राग येतो मला, कारण कायदा शिकणाऱ्या पोरांनीच असं केलं तर त्या पेंटरला आपण कुठल्या तोंडानं सांगायचं. वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी ती पीडीएफ टाकली असणार, कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लागली असणार, ज्यांनी भाग घेतला त्यांच्या मेलमध्ये असणार. आज शोध, परीक्षा झाल्यावर नाही. आणि नीट बघ, हक्क सगळ्या निबंधांचे म्हटलेत का फक्त विजेत्यांचे, कारण फक्त विजेत्यांचे असतील तर तू काही दिलंच नाहीस आणि विषय मिटला.

मग तारीख. वर्ष मोजायचं ते हक्क दिल्या दिवसापासून, निकालापासून नाही, आणि माझ्या मते तुझ्या बाबतीत तो निबंध सबमिट केल्याचा दिवस. पोच मिळाल्याचा मेल असेल तो जपून ठेव. त्या 12 महिन्यांत त्यांनी निबंध वेबसाइटवर, ई-अंकात कुठं टाकला नव्हता ना ते बघ, टाकला असेल तर तेवढा हक्क त्यांनी वापरला असं ते म्हणतील. परीक्षकांना प्रती वाटल्या म्हणजे वापर झाला असाही मुद्दा काढतील, मला तो लंगडा वाटतो, पण काढतील. आणि तो व्हॉट्सअपचा मेसेज ज्यानं तू रडकुंडीला आलीस, तोच तुझा सगळ्यात मोठा पुरावा आहे. "निघणार आहे" म्हणजे अजून निघालेली नाही, हे त्यांनी स्वतः लिहून दिलंय. चॅट एक्सपोर्ट कर आणि हा फोन बदलू नकोस, पुढं कोर्टात लागलंच तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, सर्टिफिकेट जोडावं लागतं.

टिकबद्दल. कायद्याला हक्क लिहून दिल्याचा कागद सहीचा लागतो, नुसती टिक म्हणजे सही का, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं, मी त्यावर सगळा डाव लावणार नाही. कारण सही नाही म्हणून मालकी गेली नाही असं ठरलं तरी ते म्हणतील मग लायसन्स तरी दिलंस, म्हणजे मालकी तुझी पण वापरायची परवानगी आम्हाला, आणि लायसन्सला 2012 च्या दुरुस्तीनंतर नुसतं लेखी असलं तरी चालतं.

तीन वर्षांपूर्वी एक साइनबोर्ड पेंटर माझ्याकडं आले होते, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून फॉर्म आणलेला, नखांत निळा ऑइलपेंट. लोगो स्पर्धेत भाग घेतलेला, फॉर्मवर खाली ठसठशीत मराठी सही, आणि आयोजकांनी दोन महिन्यांत तो लोगो टी-शर्ट, कमानी, बॅनर सगळीकडं छापलेला. तिथं मला हे पोटकलम वापरताच आलं नाही, वर्षाच्या आत पुरेपूर वापर झाला होता. कलम 57 तेवढं उरलं, हक्क विकले तरी ही कलाकृती माझी आहे म्हणायचा अधिकार जात नाही, त्यावर नोटीस दिली आणि पुढच्या छपाईत त्यांचं नाव आलं. पैसे शून्य. तुझी पुस्तिका उद्या निघालीच तर नावाचा हा हक्क तुलाही आहे, पण तुला त्याच्या वरचं मिळण्यासारखं आहे, ते घालवू नकोस.

दावा लावायचा विचार आत्ता डोक्यात आणू नकोस. कलाकारांच्या हक्कांवर लिहिलंयस म्हणजे शिल्पकार अमरनाथ सहगलांची केस वाचलीच असशील, विज्ञान भवनातलं त्यांचं ब्राँझचं म्युरल 1979 मध्ये काढलं, दावा 1992 चा, दिल्ली हायकोर्टाचा निकाल 2005 ला. पाच लाख भरपाई आणि म्युरल परत, निकाल सुंदर, पण त्या माणसाची किती वर्षं गेली ते बघ. आपल्याकडं ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच आलं, रात्रीची महालक्ष्मी पकडून मुंबई गाठायचं वाचलं, त्यासाठी आम्ही वकिलांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली, पण तारखा तारखाच असतात आणि जर्नल तुझ्यासाठी थांबणार नाही.

त्यापेक्षा आयोजकांना एक मेल कर, अर्धं पान पुरे. अमुक तारखेला निबंध पाठवला, एक वर्ष उलटलं, तुम्ही तो प्रकाशित केलेला नाही, कलम 19(4) प्रमाणे हक्क माझ्याकडं परत आलेत, 15 दिवसांत ना-हरकत द्या किंवा कधी आणि कुठं छापला ते दाखवा. भावना नकोत, "माझ्यावर अन्याय" नको. मात्र नियमावली हातात आल्याशिवाय पाठवू नकोस, आणि मिळाली की एक दिवसही थांबू नकोस, कारण त्यांनी आत्ता घाईनं पुस्तिका काढली की तू छापील पुस्तिकेमागं धावत बसशील. जर्नलच्या संपादकांना खरं सांग की निबंध स्पर्धेला गेला होता, हा नियम होता, ही तारीख, हे कलम, हा मेल. बहुतेक संपादक ऐकतात. सगळं स्वच्छ होईपर्यंत त्यांच्या घोषणापत्रावर सही करू नकोस, उद्या वकिलीची सनद घेणार आहेस, खोट्या सहीनं सुरुवात नको.

एक राहिलं. तुझ्या निबंधात त्या पेंटर काकांचं बोलणं शब्दशः आहे आणि त्यांच्या पाच बोर्डांचे फोटो आहेत. बोर्ड गिऱ्हाइकानं पैसे देऊन रंगवून घेतले असतील तर कलम 17 मुळं मालकी कुणाची हा वेगळाच गुंता आहे, टीका-समीक्षेसाठी फोटो चालून जातील असं मला वाटतं, खात्री देत नाही. पण काकांना तू विचारलंयस का? छापायच्या आधी एकदा त्यांच्याकडं जा, निबंध वाचून दाखव, आणि त्यांना मान्य असेल तर दोन ओळी लिहून घे, कुठं छापणार ते त्यात घाल, खाली सही आणि तारीख.