मला इतका फरक का पडतो?

हल्ली माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या बऱ्याच जणांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "मॅडम, मला इतका फरक पडायला नको, पण पडतो." कुणाला साहेबांच्या एका शब्दाचा, कुणाला सख्ख्या बहिणीच्या टोमण्याचा, कुणाला मेसेज वाचूनही उत्तर न देणाऱ्या मित्राचा. आणि यातल्या कित्येकांनी, खास करून तिशीच्या आतबाहेरच्या मुलांनी, यावरचं औषधही आधीच शोधून ठेवलेलं असतं. स्टोइसिझम, म्हणजे मन स्थिर ठेवायला शिकवणारं जुनं ग्रीक-रोमन तत्त्वज्ञान. रील्स बघून झालेल्या असतात, संगमरवरी पुतळ्याचा चेहरा, मागे गंभीर म्युझिक आणि खाली 'कशाचाही परिणाम होऊ देऊ नका' टाइप काहीतरी. मग ते मनापासून प्रयत्न करतात, जमत नाही, आणि आता त्रास दोन होतात, एक मूळचा आणि दुसरा आपल्याला त्रास होतोच कसा याचा.

मला हा दुसरा त्रास जास्त छळणारा वाटतो, म्हणून समीरबद्दल लिहितेय. नाव अर्थातच बदललंय, तपशीलही थोडे इकडचे तिकडे केलेत, आणि बऱ्याच सेशन्समधलं बोलणं इथे मोजक्या संवादांत बसवलंय.

समीरला डावलून, त्यानेच काम शिकवलेल्या एका ज्युनिअर मुलीला टीम लीड केलं होतं. त्याने ठरवलं की वाद नाही, तक्रार नाही, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. ऑफिसात सगळे म्हणायचे काय शांत माणूस आहे. घरी बायको म्हणाली, "तू शांत नाहीयेस, तू घरातच नाहीयेस." तिच्याच आग्रहाने तो आला होता.

"प्रमोशन माझ्या कंट्रोलमध्ये नाही हे मला कळतं," तो म्हणाला, "एपिक्टेटस, तो जुना स्टोइक तत्त्वज्ञ, तेच सांगतो ना, आपल्या हातात काय आहे आणि काय नाही ते ओळखा. मग मॅनेजरचा 'सकाळी भेट' एवढाच मेसेज आला तरी माझी छाती का धडधडते? इतकं वाचून उपयोग काय?"

"बरं, छाती धडधडली. पुढे?"

"पुढे काय, रात्रभर जागा."

"मधलं सांगा ना. धडधड आणि जागरण यांच्या मधलं."

"मधे काही नाही मॅडम, डायरेक्ट."

हे 'डायरेक्ट' माझ्या ओळखीचं आहे, आणि मला ते कधीच पटत नाही. मी एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने जाणारी आहे हे आधीच सांगून टाकते. अल्बर्ट एलिसने १९५० च्या दशकात आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती उभी केली तेव्हा त्याने एपिक्टेटसचा एक विचार पायाला घेतला होता, की माणसं घटनांमुळे अस्वस्थ होत नाहीत, घटनांविषयी जे मत बनवतात त्यामुळे होतात. पुढे ॲरन बेक या अमेरिकन सायकियाट्रिस्टनेही आपल्या कॉग्निटिव्ह थेरपीची, म्हणजे मनातले विचार तपासून केलेल्या उपचारांची, मुळं स्टोइकांपर्यंत जातात हे मान्य केलं. म्हणजे गुलाम म्हणून जन्मलेला, पायाने अधू असलेला, सुमारे १९०० वर्षांपूर्वी शिकवणारा एक माणूस, त्याचं म्हणणं आज माझ्या खोलीत रोज कामाला येतं. मला याचं जरा कौतुकच आहे.

तर डायरेक्ट काही नसतं. मधे एक वाक्य असतं, फक्त ते इतक्या झटकन येऊन जातं की दिसत नाही.

"त्या रात्री मनात आलेलं पहिलं वाक्य आठवतंय?"

"आता नोकरी जाणार."

"आणि त्यावर तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? ते आलं मनात."

"आलं हे कबूल. पण पाहुणा आला आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत असं होत नाही. खरंय म्हणालात, खोटंय म्हणालात, की उद्या बघू म्हणालात?"

तो खूप वेळ खाली बघत बसला. मग म्हणाला, "हो म्हणालो बहुतेक. लगेचच."

त्या दिवशी मी त्याला एक गोष्ट सांगितली. दुसऱ्या शतकात ऑलस गेलियस नावाचा रोमन लेखक होऊन गेला, तो ग्रीसकडून इटलीला जहाजाने चालला होता. रात्रभर भयंकर वादळ. जहाजावर एक नावाजलेला स्टोइक तत्त्वज्ञ होता, आणि गेलियसला उत्सुकता, की आता या माणसाचं काय होतंय बघू. बघतो तर तोही पांढराफटक पडलेला, चेहऱ्यावर इतरांसारखीच भीती, फक्त रडारड आणि आरडाओरडा नाही. वादळ शमल्यावर एका श्रीमंत प्रवाशाने त्याला टोमणा मारलाच, की मी नाही घाबरलो आणि तुम्ही तत्त्वज्ञ असून पांढरे पडलात! तत्त्वज्ञाने त्याला एक खोचक उत्तर देऊन वाटेला लावलं. पण गेलियसने नंतर खरोखर जाणून घ्यायचं म्हणून विचारलं, तेव्हा त्याने पिशवीतून एपिक्टेटसच्या शिकवणीचं पुस्तक काढून दाखवलं. त्यात लिहिलेलं असं, की अचानक मोठा आवाज झाला, संकट कोसळलं तर शहाण्या माणसाचंही मन हलतं, रंग उडतो. हे मत बनवण्याच्या आधीच होतं, आपल्याला न विचारता होतं. फरक नंतर पडतो. अडाणी माणूस त्या पहिल्या धक्क्याला होकार देतो, हे खरंच इतकं भयंकर आहे म्हणतो. शहाणा होकार देत नाही. (गंमत म्हणजे एपिक्टेटसचा तो भाग पुढे हरवला, गेलियसने ही आठवण लिहिली म्हणून आपल्याला ठाऊक.)

समीर म्हणाला, "पांढरा पडला? स्टोइक?"

"हो."

"आणि पुस्तकात लिहिलंय की चालतं?"

"चालतं म्हणजे, ते मोजतच नाहीत."

पुढच्या भेटीत आल्या आल्या तो म्हणाला, "मॅडम, मी उलटंच करत होतो." आणि पुढे जे बोलला ते मी आता इतरांनाही सांगते, त्याची परवानगी घेऊन. एपिक्टेटसची यादी त्याने परत काढून वाचली होती. आपल्या हातात काय, तर मत, इच्छा, कशाकडे वळायचं आणि कशापासून दूर राहायचं ते. हातात काय नाही, तर मालमत्ता, नावलौकिक, पद, आणि शरीर. शरीर! "धडधड शरीराची. म्हणजे यादीप्रमाणे ती माझ्या हातात नव्हतीच, आणि मी सगळी ताकद तिलाच दाबायला लावली. आणि 'नोकरी जाणार' हे मत, जे हातात होतं, त्याला मी साधं थांब पण म्हणालो नाही."

मी इतकी वर्षं हे काम करतेय, पण एखाद्याने आपलं कुलूप असं स्वतः उघडलेलं बघितलं की अजूनही खुर्चीत सरसावून बसायला होतं. कारण मला वाटतं रील्सवाल्या स्टोइसिझमची सगळी गल्लत इथेच आहे. चेहरा, आवाज, डोळ्यातलं पाणी, हे सगळं आवरायला शिकवतात, आणि आत चाललेली वाक्यं तशीच मोकळी सोडतात. मग माणूस बाहेरून दगड आणि आतून चोवीस तास खटला. एपिक्टेटस तर नेमकं सांगतो, की मनात काही उभं राहिलं की त्याला म्हणायचं, जरा थांब, तू कोण आहेस ते बघू दे.

मग समीरने विचारलं, "म्हणजे मला भीती वाटते हे मी बोलू शकतो?"

"कुणाजवळ?"

"हिच्याजवळ."

मी त्याला मार्कस ऑरेलियसचा किस्सा सांगितला. हा स्टोइक पुढे रोमचा सम्राट झाला, इ. स. १६१ ते १८०. त्याच्या शिक्षकाचं निधन झालं तेव्हा तो रडत होता आणि दरबारातली माणसं त्याला आवरायला लागली, तेव्हा त्याला दत्तक घेतलेला सम्राट अँटोनायनस म्हणाला, त्याला माणूस राहू द्या, तत्त्वज्ञानाने काय आणि राज्याने काय, भावना जात नाहीत. जुन्या रोमन चरित्रात हा प्रसंग आहे. समीर त्या रात्री बायकोशी बोलला. काय बोलला ते मी विचारलं नाही.

आता थोडं कामाचं, कारण अशाच अडचणीत असलेले बरेच जण हे वाचत असतील.

'माझ्या हातात नाही' हे वाक्य फार सोयीचं आहे, जपून वापरा. समीरने प्रमोशन आपल्या हातात नाही म्हणून मॅनेजरला साधं विचारलंही नव्हतं, की मला का नाही. स्टोइकांचा स्वतःचा दाखला तिरंदाजाचा आहे. नेम नीट धरणं, दोरी नीट ओढणं हे सगळं त्याचं काम, आणि ते पूर्ण करायचंच. बाण सुटल्यावर वारा काय करेल ते त्याचं नाही. समीरने तर धनुष्यच उचललं नव्हतं. शेवटी विचारलं तेव्हा कळलं की तो इतका निर्विकार दिसायचा की त्याला ती जागा नकोच आहे असं मॅनेजरने धरलं होतं. जागा तेव्हाही मिळाली नाही बरं का, मिळण्यासारखी राहिलीच नव्हती. पण विचारताना आवाज कापत होता आणि तरी विचारलं, हे त्याने मला दोनदा सांगितलं.

दुसरं म्हणजे माणसं. मार्कसचा एक उतारा सगळीकडे फिरतो, की सकाळी स्वतःला सांगा, आज मला लुडबुडे, कृतघ्न, उर्मट, मत्सरी लोक भेटणार आहेत. लोक इथवर वाचतात आणि सगळ्यांपासून चार हात लांब राहायला मोकळे होतात. पण त्याच उताऱ्यात पुढे तो म्हणतो की ही माणसं माझी नातलगच आहेत, आपण एकमेकांच्या मदतीसाठी झालोय, दोन हात, दोन पाय, दोन पापण्या असतात तसे. तो उत्तरार्ध कापून टाकला तर उरतो तो नुसता माणूसघाणेपणा. समीरला ही दुसरी बाजू वाचायला लावली, तेव्हा कुठे तो त्या मुलीशी कामापलीकडे दोन शब्द बोलायला लागला.

आणि रात्रीचं. ज्यांना अंथरुणावर पडल्यावर दिवसभराचं सगळं आठवून कुरतडतं त्यांना मी सेनेका या रोमन स्टोइकाची पद्धत देते. दिवा मालवला, बायको गप्प झाली की हा माणूस आपला अख्खा दिवस डोळ्यांखालून घालायचा, कुठे जास्त तोडून बोललो, कुठे उगीच भांडलो, काहीही न लपवता. पण शेवट फार महत्त्वाचा आहे. तो स्वतःला म्हणतो, पुन्हा असं करू नकोस, या वेळी तुला माफ करतो. आपल्यातले बरेच जण पहिला भाग रोज न चुकता करतात आणि माफीच्या आधी थांबतात. माझ्याकडच्या लोकांना मी हे अंथरुणावर करू देत नाही, टेबलावर बसून वहीत लिहायचं, माफीचं वाक्यसुद्धा लिहायचं, वही मिटायची, मगच आडवं व्हायचं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट. घरात मारहाण होत असेल, ऑफिसात कुणी पद्धतशीर छळत असेल तर तिथे 'माझं मत बदलतो' हा उपाय नाही, तिथून बाहेर पडणं, तक्रार करणं, मदत घेणं हेच करायचं. आणि कित्येक आठवडे झोप-भूक उडालीये, जगण्यात अर्थ नाही असं वाटतंय, तर आधी सायकियाट्रिस्टकडे जा, पुस्तकं कुठे पळून जात नाहीत.

वाचायचंच असेल तर चिंता करणाऱ्या माणसाने एपिक्टेटसच्या छोट्या हँडबुकपासून सुरुवात करू नये असं माझं मत आहे, जरी सगळे तेच हातात देतात. छोटं आहे, धारदार आहे, पण सुरुवातीलाच तो सांगतो की आपल्या मुलाचा पापा घेताना स्वतःला आठवण करून द्या की हे मर्त्य आहे. घट्ट मनाच्या माणसाला ते ठीक. ज्याला आधीच रात्री तीन वाजता मुलाचा श्वास तपासायची सवय आहे त्याला हे वाक्य देऊ नका. त्याला सेनेकाची पत्रं द्या, १२४ आहेत, कुठूनही उघडली तरी चालतात. तेराव्यात तर तो भीतीबद्दलच बोलतो, की प्रत्यक्षापेक्षा आपण कल्पनेतच जास्त सोसतो. समीरनेही तिथूनच परत सुरुवात केली.